गावात समिती काढली, ६२ हजार जमले, आता पहिलं काम कोणतं घ्यावं? (चोपडा तालुका)

सातपुडापायथा (प्रश्न)

नमस्कार मंडळी.

चोपडा तालुक्यातलं साडेचारशे उंबऱ्यांचं आमचं गाव. गेल्या पोळ्याला आम्ही चौदा जणांनी मिळून गावासाठी काम करायची समिती केली. दोघं केळीचे बागायतदार, एक मेडिकलवाला, तिघं पुण्याहून नोकरी सोडून परत आलेले, बाकी सगळे शेतीवाले. कानबाईच्या उत्सवाच्या वर्गणीतून उरलेले आणि नंतर घरोघर फिरून जमवलेले मिळून ६२,००० रुपये आहेत. सध्या ते माझ्या एका मित्राच्या खात्यात ठेवलेत.

आता गाडं अडलंय. पाच जण म्हणतात गावाच्या तोंडाशी कमान बांधू, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल आणि पुढची वर्गणी आपोआप येईल. चार जण म्हणतात स्मशानभूमीत शेड आणि ओटा करू, कारण मागच्या श्रावणात एका म्हाताऱ्याला भर पावसात ताडपत्री धरून अग्नी द्यावा लागला. ते मीही पाहिलंय, ताडपत्रीचं एक टोक माझ्याच हातात होतं. आणि आम्ही चार-पाच जण म्हणतो की गावाच्या वरच्या अंगाला सातपुड्याकडून नाला येतो, तो गाळाने भरलाय, तो मोकळा करू. आमच्याकडे बोअर दरवर्षी खाली चाललेत, हे सांगायला नको.

दुसरी अडचण ग्रामपंचायतीची. निवडणुकीत आमच्यातले बरेच जण दुसऱ्या पॅनलकडून होते, त्यामुळे आम्ही काही बोललो की त्यांना ते राजकारण वाटतं.

आणि तिसरी गोष्ट, जी मला जास्त लागली. मागच्या रविवारी एसटी थांबा झाडायचं ठरलं होतं. ग्रुपवर चौदाही जणांनी अंगठा दाखवला. सकाळी सात वाजता आलो पाच. तरी दीड तास खपून प्लास्टिक उचललं, टपरीमागचं गवत काढलं, चुन्याची पट्टी मारली. मंगळवारी बघतो तर थांबा होता तसाच. पुड्या, ग्लास, पिचकाऱ्या. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

ज्यांच्या गावात अशा समित्या चालल्यात त्यांनी सांगा, कामं ठरवता कशी? संस्था नोंदवावी का? पंचायतीशी कसं जुळवून घ्यायचं? आणि माणसं टिकवायची कशी?

बोरीकाठचा गिरणीवाला

भाऊ, तुझी पोस्ट दोनदा वाचली. मी अमळनेर तालुक्यात बोरी नदीच्या काठी एका गावात पिठाची गिरणी चालवतो. २०१४ पासून आमच्या गावच्या समितीचा खजिनदार आहे. शिकलेला कमी आहे, पण अकरा वर्षं गावाचा पैसा हातातून गेलाय, म्हणून लिहितो.

कमान, शेड की नाला, हे बाजूला ठेव. असं धर की तिन्ही कामं झाली. आता पुढच्या पोळ्याला कमानीवरचा उडालेला रंग, शेडचा उचकटलेला पत्रा आणि नाल्यात परत आलेला गाळ यांच्याकडे कोण बघणार? माणसाचं नाव सांग. 'समिती बघेल' म्हणू नको. ज्या कामाला नाव सांगता येतं ते पहिलं घे, मग ते कितीही बारीक असो.

हे आम्हाला झाडांनी शिकवलं. २०१६ च्या जूनमध्ये आम्ही गावाच्या रस्त्याने चारशे झाडं लावली. रोपवाटिकेतून कडुनिंब, चिंच, करंज आणले, बांबूची कुंपणं केली, शाळेची पोरं आणली, फोटो काढले. पुढच्या वर्षी मे महिन्यात मी स्वतः वही घेऊन मोजत गेलो. सदतीस झाडं जिवंत होती. आपल्याकडचं मेमधलं ऊन तुला सांगायला नको, आणि शेळ्यांना बांबूचं कुंपण म्हणजे काहीच नाही. रात्री त्या सदतीस झाडांचा नकाशा काढला. एकोणतीस झाडं कोणाच्या ना कोणाच्या दारासमोर होती. उरलेली आठ एकाच वळणावर होती, तिथून एक म्हातारबाबा रोज बैल पाण्यावर नेतात. येताना ते त्यांच्या बादलीतलं पाणी झाडांना घालायचे. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, ते समितीतही नव्हते.

दुसऱ्या वर्षी आम्ही साठच खड्डे घेतले. खड्डा खोदायच्या आधी समोरच्या घरी जायचं आणि घरातल्या बाईला विचारायचं, झाड कोणतं पाहिजे? 'नको' म्हणाली तर खड्डा नाही. साठातली बावन्न जगली. आज त्यातल्या एका चिंचेखाली बाया पापड लाटायला बसतात.

तुझ्या थांब्याचंही तेच झालं. तुम्ही पाच जणांनी झाडलं ते चांगलंच केलं, पण सोमवारी तो थांबा कोणाचा होता? आमच्या थांब्यावर पाण्याची टाकी आहे. ती भरायचं आणि आसपास झाडायचं काम तिथल्या चहावाल्याने अंगावर घेतलंय. त्याबदल्यात पंचायतीने त्याला टपरी लावायची कायम जागा दिली. सात वर्षं झाली, टाकी एक दिवस कोरडी नाही. त्याच्या गिऱ्हाईकाने ग्लास खाली टाकला तर तोच ओरडतो.

माझं आजोळ पांझरेच्या काठी, धुळे तालुक्यात. तिकडे फड पद्धत होती. तू ऐकलं असशील, नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली जमिनीचे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाण्याची पाळी गावाने ठरवायची. लोक त्या दगडी बंधाऱ्याचं कौतुक करतात. माझ्या मात्र डोळ्यासमोर येतो तो पाटकरी. मी सात-आठ वर्षांचा असेन. आजोबांच्या खळ्यावर ज्वारीची रास पडली की तो यायचा, खांद्यावर फावडं, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे, आणि त्याच्या वाट्याचे दाणे मापून घेऊन जायचा. आजोबा आधी त्याचं माप काढायचे, मग घरातलं. पाणी सोडणारा पाटकरी, पिकाची राखण करणारा जागल्या, सगळ्यांवर नजर ठेवणारा हवालदार, या सगळ्यांचा वाटा ठरलेला होता. काही शतकं ते बंधारे चालले ते या वाट्यांवर. आपण आज समिती करतो तेव्हा सिमेंटचा हिशोब मांडतो, आणि पाटकऱ्याचा वाटा मांडायचा राहून जातो.

आमच्या गावाने २००० नंतर ग्रामस्वच्छता अभियानातही भाग घेतला होता. तपासणीच्या आदल्या रात्री बाया-माणसांनी कंदील लावून गटारी काढल्या, घरांना गेरू दिला, दारोदार रांगोळ्या. तो उत्साह मी आयुष्यात परत पाहिला नाही. पण तपासणीची गाडी गेली आणि चार महिन्यांत निम्म्या संडासांत सरपण भरलं. उत्साह खरा होता रे. त्याला पुढे धरून ठेवणारं माणूस ठरलेलं नव्हतं.

आता पैशाचं. ६२,००० मित्राच्या खात्यात आहेत हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. मित्र देवमाणूस असेल, तरी उद्याच्या उद्या ते काढा. तीन सह्यांचं खातं उघडा, दोन सह्यांशिवाय पैसा निघता कामा नये, आणि तिन्ही सह्या एका भावकीतल्या नकोत.

आणि हिशोब गावाच्या डोळ्यांसमोर ठेव. माझ्या गिरणीत भिंतीला काळा रंग दिलेला पत्रा ठोकलाय. त्यावर खडूने जमा-खर्च. दळणाला आलेली बाई अर्धा तास बसते, तिला वाचायला तेवढंच असतं. पीठ उडून अक्षरं पांढरी पडतात, म्हणून मी रोज सकाळी ओलं फडकं मारून तोच आकडा परत लिहितो. त्यामुळे हिशोब माझ्या तोंडपाठ झालाय. २०१९ ला एक आजी कळण्याचं दळण घेऊन आल्या, पाटीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आप्पा, ह्या तीनशे चाळीस कसाना सेत?" मी म्हणालो चहा-नाश्ता, श्रमदानाच्या दिवशीचा. त्या म्हणाल्या, "माले तं चहा भेटना नही." खरं होतं. त्या दिवशी बाया विहिरीकडच्या बाजूला होत्या, चहाची किटली तिकडे गेलीच नव्हती. त्या रात्री आम्ही बसलो आणि ठरवलं की खाणं-पिणं गावाच्या पैशातून नाही. ज्याचं घर कामाच्या जवळ त्याच्याकडे चहा, आणि किटली आधी बायांकडे. तेव्हापासून श्रमदानाला बाया जास्त येतात. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, त्या आजीने शिकवलंय.

पंचायतीचं सांगतो, आमच्याच चुकीतून. २०१८ मध्ये आम्ही कोणाला न विचारता मधल्या आळीची गटार बांधली. ४१,००० रुपये गेले. सहा महिन्यांनी कळलं की त्याच गटारीचं काम पंचायतीच्या आराखड्यात आधीपासून मंजूर होतं. ठेकेदार आला आणि आमची गटार फोडून त्याने नवी टाकली. कोणाशी भांडणार? आम्ही विचारलंच नव्हतं. आता नियम असा की कोणतंही काम ठरलं की आधी ग्रामपंचायतीत जाऊन आराखडा मागून घ्यायचा, आपलं काम त्यात आहे का ते बघायचं. मग ग्रामसभेत विषय मांडायचा आणि ठराव वहीत आला की त्याची नक्कल घ्यायची. सरपंच कोणत्या पॅनलचा हे त्या कागदाला कळत नाही. आणि नारळ त्यांच्या हातूनच फोडायचा. त्यात आपलं काही जात नाही.

माणसं टिकवायची कशी, त्यावर एवढंच बोलतो. कापूस वेचणी चालू असताना श्रमदान ठेवू नको, कोणी येणार नाही आणि येऊही नये. वेचणी उरकली की आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, जे काय काम व्हायचं ते होतं. मे महिन्यात सकाळी सहा ते साडेआठ, त्याच्यापुढे एक मिनिट नाही. आणि ग्रुपवर अंगठा मागू नको. आदल्या संध्याकाळी घरी जाऊन विचार, "उद्या तुझं फावडं लागेल." माणूस स्वतःसाठी येणार नाही कदाचित, पण फावडं मागितलं की घेऊन येतो.

साक्रीची ताई

आप्पांनी सगळं लिहिलंय, पण मला तुझ्या पोस्टमधली एक गोष्ट खटकली. चौदा जणांत बाई किती? तू लिहिलं नाहीस, म्हणजे एकही नसावी.

मी साक्री तालुक्यातली, बचत गटाचं काम करते. आमच्या गावच्या मंडळाने तीन वर्षांपूर्वी ठरवलं होतं की मोकळ्या जागेत व्यायामाची साधनं बसवायची. कोटेशनसुद्धा आलं होतं. आम्ही म्हटलं, त्याआधी एकदा आमच्यासोबत गावात चला, पण संध्याकाळी साडेसात वाजता चला. अमावस्येच्या आसपासचा दिवस मुद्दाम घेतला. बॅटरी घेऊन निघालो, अकरा बाया आणि मंडळाची सहा पोरं. एकूण तेवीस खांब मोजले, नऊवर दिवा नव्हता. त्यातले पाच एकाच रस्त्यावर, जो शाळेकडून वस्तीकडे जातो आणि ज्याने आमच्या मुली क्लासहून परततात. एका ठिकाणी आमच्या गटातली एक बाई थांबली आणि म्हणाली, इथून पुढे मी रोज देवाचं नाव घेत पळते. पोरं गप्प झाली. त्यातला एक तर तिचाच पुतण्या होता, त्याला हे माहीत नव्हतं.

व्यायामाची साधनं राहिली, आधी दिवे लागले. खर्च कोटेशनच्या पावपटसुद्धा नव्हता. बल्ब गेला की कळवायचं काम त्या मुलींकडेच आहे. आप्पा म्हणतात तसं नाव ठरलेलं.

म्हणून कमान-शेड-नाला यावर मतदान घेऊ नका. दोनदा गाव चाला. एकदा सकाळी, एकदा अंधारात. बाया, म्हातारी माणसं, गुरं राखणारा, शाळेतली पोरं बरोबर घ्या. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची कायद्यातच तरतूद आहे, ती तुमच्याकडे खरंच होते की फक्त सह्या फिरतात ते बघा. होत नसेल तर ती व्हावी हेच तुमच्या समितीचं पहिलं काम समजा. बैठक रात्री नऊ वाजता देवळाच्या ओट्यावर ठेवाल तर एकही बाई येणार नाही. दुपारी दोन ते चार, शाळेच्या वर्गात ठेवा. मग बघा किती बोलतात.

आमच्या तालुक्यातलं बारीपाडा तुम्हाला माहीत असेल. तिथल्या चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा सगळीकडे नाव आलं. १९९० च्या दशकात त्या पाड्याने उजाड झालेलं सुमारे अकराशे एकर जंगल राखायला घेतलं. मी तिथे तीन-चारदा गेले आहे. लोक झाडं बघायला जातात. मी विचारत होते की नियम कोणी केले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, तोडणाऱ्याला दंड, हे सगळं पाड्यानेच बसून ठरवलं आणि पाड्यानेच पाळलं. आणि दरवर्षी तिथे वनभाज्यांची पाककृती स्पर्धा होते. बाया रानातल्या भाज्या आणतात, रांधतात, नावं सांगतात. जंगल राखून घरात काय आलं ते त्या ताटात दिसतं. तुमच्या कामातून बाईच्या घरात काय येणार ते तिला दिसू द्या, मग माणसं टिकवायचा प्रश्न निम्मा सुटेल.

तापीखोरे (निवृत्त शाखा अभियंता)

दोन-तीन कोरड्या गोष्टी, पण लागतील.

नोंदणी करायचीच असेल तर किमान सात सभासद लागतात. संस्था नोंदणी कायदा १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५०, दोन्हीखाली नोंद होते, जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात. त्यानंतर दरवर्षी लेखापरीक्षण आणि पदाधिकारी बदलले की बदल अर्ज, हे चुकवता येत नाही. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी घाई करू नये. एक-दोन वर्षं ग्रामसभेच्या ठरावाने काम करून बघावं. मोठी देणगी घ्यायची वेळ आली की नोंदणी करावी. देणगीवरची आयकराची सवलत (८०जी म्हणतात ती) देणगीदाराला दोन हजारांच्या वर रोखीने दिलेल्या रकमेवर मिळत नाही, हेही आधीच सांगून ठेवा.

पंचायतीकडे पैसा नाही हे सरसकट खरं नसतं. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत (२०२१-२६) ६० टक्के बंधित होता, म्हणजे पिण्याचं पाणी, पाणी साठवण, स्वच्छता यांसाठीच. सध्याच्या निधीत काय ठरलंय आणि तुमचं काम त्यात बसतं का बघा. पण ते 'आमचं गाव, आमचा विकास' आराखड्यात आलेलं असलं पाहिजे. आराखड्याच्या ग्रामसभेला तुम्ही चौदा जण हजर असता का?

आता नाला. इथे जपून. गिरणीवाले आप्पांच्या बाजूला बराच भाग काळ्या पाषाणाचा आहे, तुमच्याकडे तापीचा गाळाचा थर आहे. तिकडचं काम इकडे जसंच्या तसं चालत नाही. सातपुड्याच्या अगदी पायथ्याला गोटे-वाळूचा पट्टा आहे, तिथे पाणी चांगलं मुरतं. जसजसं तापीकडे याल तसा चिकण पिवळ्या मातीचा थर मिळतो. त्यात नाला नुसता खरवडून पाणी साठेल, डास होतील, पण बोअरला फार उपयोग होणार नाही. शिरपूर तालुक्यात सुरेश खानापूरकरांनी २००४ नंतर जे नाले रुंद-खोल करून बंधाऱ्यांची साखळी केली, त्यामागे भूगर्भ कळणारा माणूस होता. लोक फक्त पोकलेन बघून आले आणि आपल्या गावी पोकलेन लावून मोकळे झाले. म्हणून नाल्याच्या काठच्या तीन-चार विहिरींचे थर आधी उतरून बघा. खोदकाम करणाऱ्या जुन्या माणसाला विचारा, तो बरोबर सांगतो. आणि अर्धा नाला तरी गावापासून वर, पायथ्याकडे बघा.

आकड्याचा अंदाज यावा म्हणून एक सांगतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. ट्रॅक्टरची ट्रॉली साधारण एक ब्रासची धरा. तीनशे ट्रॉल्या गाळ काढलात तर साधारण साडेआठ लाख लिटरची जागा मोकळी झाली. एका पावसाळ्यात ती तीन-चारदा भरून मुरली तर त्याचं मोल आहे. काढलेला गाळ शेतकऱ्याने स्वतः वाहून न्यावा, शेताला चांगला असतो. वाळू लागली तर हात लावू नका, थांबा आणि तहसीलला कळवा. परवानगीशिवाय नाल्यात यंत्र उतरवू नका. आणि ज्याचा बांध नाल्याला लागून आहे त्या प्रत्येक शेतकऱ्याची लेखी संमती घ्या. मी नोकरीत पाहिलेली निम्मी चांगली कामं एका बांधावरून अडलेली आहेत.

सातपुडापायथा

सगळ्यांचे मनापासून आभार. सहा आठवडे झाले, म्हणून काय केलं ते लिहितो.

पैसे मित्राच्या खात्यातून काढले. त्याला आधी वाईट वाटलं. मग मी त्याला आप्पांची पोस्ट वाचायला दिली आणि तो स्वतःच बँकेत घेऊन गेला. तीन सह्या आहेत, त्यातली एक अंगणवाडीताईंची.

गाव दोनदा चाललो. अंधारातल्या फेरीला एकोणीस बाया आल्या, आम्हाला वाटलं होतं तीन-चार येतील. दिव्यांची यादी केली आणि पंचायतीला लेखी दिली. सरपंचबाई स्वतः दुसऱ्या दिवशी खांब बघायला आल्या, चार दिवे लागलेसुद्धा. त्यांच्याशी मी पहिल्यांदाच दोन शब्द बोललो.

सकाळच्या फेरीत मात्र जे निघालं ते आमच्या तिन्ही गटांपैकी कोणाच्याच डोक्यात नव्हतं. जुन्या विहिरीजवळ गुरांना पाणी प्यायचा हाळ (हौद) आहे. त्याला तळाशी तडा गेलाय. मोटर चालू केली की पाणी भरतं आणि तासाभरात ओसरतं. गुरं राखणारे बाबा आमच्याबरोबर होते, त्यांनी तड्यात काडी घालून दाखवली, वीतभर आत गेली. ते म्हणाले, चार वर्षं झाली, सांगू कोणाला? गावात दोनशेच्या वर जनावरं आहेत आणि उन्हाळ्यात ती अर्धा कोस लांब जातात पाण्याला. मी याच गावात जन्मलो. रोज त्या हाळावरून मोटारसायकलने जातो.

मग तुमचा प्रश्न विचारला, नंतर कोण देखी? बाबा म्हणाले, मी. आठवड्यातून एकदा हाळ घासायचा, शेवाळ काढायचं, मोटर वेळेत बंद करायची. गुरंवाल्यांनी मिळून दर हंगामाला त्यांना पायलीभर ज्वारी द्यायची ठरवली. ग्रामसभेचा ठराव झाला. कमानवाले पाच जण थोडे नाराज होते, पण हाळ फोडताना सगळ्यात जास्त घाम त्यांच्यातल्याच दोघांनी गाळला. सकाळी सहाला अकरा फावडी होती. मी आदल्या संध्याकाळी अकरा घरी गेलो होतो.

शेडचं ठरलंय, ते पंचायतीच्या आराखड्यात घालायचा अर्ज दिला. नाल्यावर आधी विहिरी बघतोय, अभियंता साहेबांनी सांगितलं तसं. एका विहिरीत उतरलो, तेरा-चौदा हातांवर पिवळी चिकण लागली आणि त्याखाली वाळू. फोटो काढलेत, पाठवतो.

बोरीकाठचा गिरणीवाला

पोरा, वाचून बरं वाटलं. हाळाच्या कामाला पाणी भरायच्या आधी आठ-दहा दिवस पोती ओली ठेवून पाणी मार, घाई करू नको. उन्हात सिमेंट तडकतं आणि मग बाबांच्या माथी येतं.

पाटी कुठे लावली ते लिहिलं नाहीस.

सातपुडापायथा

दूध डेअरीच्या भिंतीवर, आप्पा. सकाळ-संध्याकाळ सगळं गाव तिथे कॅन घेऊन उभं असतं. काल पहिल्यांदा लिहिलं. सिमेंट ६ गोण्या, २,१६०. वाळू अर्धी ट्रॉली, एका शेतकऱ्याकडून, बिनपैशाची. गवंडी दोन दिवस, १,६००. चहा, नाही.